पिंजऱ्यातल्या माकडांचा लठ्ठपणा आणि आतड्यातले जिवाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोकणात पशुवैद्यक म्हणून काम करताना साखळीने बांधून ठेवलेली, पिंजऱ्यात वाढलेली आणि नंतर जप्त झालेली माकडे माझ्याकडे उपचारांसाठी येत आली आहेत. त्यांना पाहायला येणारे वनरक्षक, शाळेतली मुले, बागायतदार आणि गणपतीला मुंबईहून आलेले पाहुणे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आमच्या भागात डोक्यावर केसांची टोपी असलेल्या माकडाला केलडे म्हणतात आणि काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या माकडाला वानर. खाली हे दोन शब्द याच अर्थाने वापरले आहेत.

गुबगुबीत माकड म्हणजे चांगले पोसलेले माकडच ना? ते लठ्ठ आहे हे ओळखायचे कसे?

रानातल्या केलड्याच्या नराचे वजन साधारण साडेसहा ते सात किलो भरते आणि मादीचे चार किलोच्या आसपास. वजन मात्र एकट्याने पुरेसे सांगत नाही, कारण अंगकाठी लहानमोठी असते. म्हणून आम्ही हाताने चाचपून पाहतो. पाठीच्या कण्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून बोटे फिरवली की निरोगी माकडात मणके हलक्या दाबानेच जाणवतात, तर लठ्ठ माकडात बोटे मऊ थरात रुततात आणि हाड शोधावे लागते. पोटाखाली झोळीसारखी लोंबणारी चरबी दिसली, तर चाचपण्याचीही गरज उरत नाही.

हे सुखाचे लक्षण मानू नये. लठ्ठ माकडांना माणसांसारखाच मधुमेह होतो, सांधे दुखतात, चढणे-उतरणे बंद होते आणि मग वजन आणखी वाढते.

याचा आतड्यातल्या जिवाणूंशी काय संबंध?

माकडाच्या स्वतःच्या शरीरात पानांचा चोथा पचवणारे पाचकरस जवळजवळ नसतात. पानाच्या पेशींची भिंत ज्या तंतूंची बनलेली असते, ते तंतू तोडण्याचे काम मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. आंबोळीचे पीठ रात्रभर झाकून ठेवले की सकाळी ते फुगते आणि आंबट होते, तसेच आंबवण्याचे काम आतड्यात दिवसरात्र चालू असते. त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्ले तयार होतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. बाकीची आम्ले रक्तात शोषली जाऊन शरीराला ऊर्जा देतात आणि त्यांच्यामुळे पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकेही स्रवतात. मध्य अमेरिकेतल्या हाउलर माकडांवर १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले होते की, त्यांच्या रोजच्या गरजेपैकी ३१ टक्क्यांपर्यंतची ऊर्जा या आंबवण्यातून मिळू शकते.

आता या माकडाला पाल्याऐवजी पाव, बिस्किटे आणि केळी दिली, तर साखर आणि मैदा लहान आतड्यातच शोषले जातात आणि मोठ्या आतड्यापर्यंत चोथा जवळजवळ पोहोचतच नाही. चोथ्यावर जगणाऱ्या जिवाणूंची उपासमार होते. त्यांतले काही अन्नाविना आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर खाऊ लागतात. तो थर पातळ झाला की जिवाणूंच्या आवरणातले दाहकारक घटक रक्तात झिरपण्याची वाट मोकळी होते, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत अशा सौम्य पण सततच्या दाहाचा संबंध वजनवाढीशी आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशींशी आढळला आहे.

पिंजऱ्यात गेल्यावर जिवाणू खरोखर बदलतात, हे कशावरून?

या बाबतीतला सर्वांत ठळक पुरावा २०१६ सालचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लाल पायांचे डूक लंगूर आणि हाउलर अशा दोन अगदी वेगळ्या माकडांची विष्ठा तपासली. डूक हे व्हिएतनाम-लाओसच्या जंगलातले पानखाऊ माकड आपल्या वानराच्याच कुळातले आहे, तर हाउलर अमेरिका खंडातले. रानात या दोघांच्या आतड्यांतली जिवाणूसृष्टी एकमेकांपासून स्पष्ट वेगळी होती, परंतु निरनिराळ्या खंडांतल्या प्राणिसंग्रहालयांत राहणाऱ्या माकडांमध्ये ती एकमेकांसारखी होत गेलेली दिसली. तिथे आधुनिक माणसाच्या आतड्यात प्रामुख्याने आढळणाऱ्या प्रीव्होटेला आणि बॅक्टेरॉइडिस या जिवाणूंचे प्राबल्य झाले होते आणि मूळच्या कितीतरी जाती नाहीशा झाल्या होत्या.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती मधल्या पायरीची. अर्धबंदिस्त अवस्थेत राहणाऱ्या डूक लंगुरांची जिवाणूसृष्टी रानातल्या आणि पिंजऱ्यातल्या डूकांच्या मधोमध होती. विष्ठेत सापडणारे वनस्पतींच्या हरितलवकांचे, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या पेशीघटकांचे, जनुकीय अवशेषही बंदिवास वाढेल तसे कमी होत गेले होते, म्हणजे पाला किती कमी पोटात जातो याचा माग विष्ठेतच मिळाला. गजाआड असण्यापेक्षा पानांपासून तुटणे किती नडते, हे या अभ्यासामुळे मला नीट उमगले.

म्हणजे जिवाणूंमुळेच माकडे लठ्ठ होतात, असे म्हणायचे का?

असे सरळ विधान करू नये. या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण इथेच बाजारातल्या जाहिराती विज्ञानाच्या बऱ्याच पुढे धावलेल्या आहेत.

जिवाणू वजनावर परिणाम घडवू शकतात, हे उंदरांमध्ये सिद्ध झाले आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत २००४ साली जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जिवाणू सोडले, तेव्हा १४ दिवसांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही ते आधीपेक्षा कमी खात असताना. २०१३ साली त्याच प्रयोगशाळेने जुळ्या बहिणींचे जिवाणू घेतले. प्रत्येक जोडीतली एक लठ्ठ होती आणि दुसरी सडपातळ. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर अधिक चरबी चढली. मग दोन्ही प्रकारच्या उंदरांना एकाच पिंजऱ्यात ठेवल्यावर सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्यांच्या आतड्यात शिरले आणि चरबी वाढणे थांबले. मात्र हे घडले ते आहारात चरबी कमी आणि फळभाज्यांचा चोथा भरपूर होता तेव्हाच. आहार तुपकट आणि बिनचोथ्याचा असताना चांगले जिवाणू शेजारी असूनही रुजले नाहीत.

याउलट, माणसांवरच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी २०१६ साली एकत्र तपासली गेली, तेव्हा जिवाणू आणि लठ्ठपणा यांचा संबंध आढळला खरा, पण तो बराच क्षीण होता. अमुक गटाचे जिवाणू वाढले म्हणजे माणूस लठ्ठ, असे साधे गणित टिकले नाही. शिवाय पिंजऱ्यातल्या माकडाच्या वजनामागे इतर कारणेही उघड दिसतात. रानातले केलडे दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात आणि चालण्यात घालवते, तर साखळीवरच्या माकडाला चार पावले टाकली की साखळी ताणते. २०१० साली ८ जातींच्या प्राण्यांच्या २४ समूहांतले वीस हजारांहून अधिक प्राणी अभ्यासले गेले, त्यांत संशोधन केंद्रांतली माकडेही होती, आणि प्रत्येक समूहात गेल्या काही दशकांत वजन वाढल्याचे दिसले. त्यामागे एकच कारण असेल असे त्या संशोधकांनीही म्हटले नाही.

माझे मत असे की, बदललेला आहार आणि खुंटलेली हालचाल हे मूळ आहे, आणि बिघडलेली जिवाणूसृष्टी हा त्या बिघाडाला घट्ट करणारा, परतीची वाट अवघड करणारा दुवा आहे. उपचार करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

वानर आणि केलडे यांना एकच खाणे चालते का?

मुळीच नाही. वानराचे जठर गाईच्या पोटासारखे कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्याच्या आंबवण्याची सुरुवात जठरातच होते. १९६८ साली या पचनाचे वर्णन रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पचनाशी मिळतेजुळते असे केले गेले. पिकलेला आंबा किंवा केळी भरपूर घातली, तर ती साखर तिथल्या तिथे झपाट्याने आंबते, जठरातले आम्ल वाढते, पोट फुगते आणि क्वचित जीवही जातो. वानराच्या बाबतीत लठ्ठपणाच्या आधी हा धोका असतो.

केलड्याचे जठर आपल्यासारखे साधे असते आणि आंबवणे मोठ्या आतड्यात होते. ते फळे, किडे, बिया, कोंब असे सगळे खाते आणि मिळेल ते गालाच्या पिशव्यांत कोंबून पळते. खाण्याच्या बाबतीत लवचीक असल्यामुळेच ते बंदिवासात लवकर मरत नाही, आणि त्यामुळेच ते लठ्ठही लवकर होते.

केळे हे तर माकडाचे आवडते फळ. ते का देऊ नये?

रानात केलड्याला मिळते ते उंबर, वडाची फळे, जांभळे, करवंदे, रतांबे. त्यांत गर थोडा, बी आणि साल जास्त. बाजारातले केळे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड आणि बिनबियांचे करत आणलेले आहे. त्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १२ ग्रॅम साखर असते आणि चोथा अडीच ग्रॅमच्या आसपास. इंग्लंडमधल्या पेइंटन प्राणिसंग्रहालयाने माकडांच्या आहारातून केळी काढून टाकल्याची बातमी २०१४ साली जगभर गाजली होती. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयानेही २०१८ च्या सुमारास याच कारणाने फळे कमी करून पालेभाज्या वाढवल्या.

फळे बंद करताना एक काळजी घ्यावी. माणसाप्रमाणेच माकडाचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. आमच्याकडे त्यासाठी आवळा दिला जातो, आणि हिरवी मिरची दिली तर केलडे ती मिटक्या मारत खाते, याचे पाहुण्यांना फार नवल वाटते.

खाणे निम्मे केले की वजन उतरणार नाही का?

सुरुवातीच्या काळात मीही असेच केले होते आणि ती माझी चूक होती.

महामार्गालगतच्या एका हॉटेलाच्या मागील दारी साखळीला बांधलेली केलड्याची मादी जप्त होऊन आली, तेव्हा ती मासळीच्या ताणकाट्यावर सात किलो भरली. चहात बुडवलेली बिस्किटे, भजी आणि उरलेला पाव यांवर ती काही वर्षे जगलेली होती. मी तिचे तेच अन्न मोजून निम्मे केले. दहा दिवसांत वजन थोडे उतरले, पण ती हाताचे केस उपटू लागली, गजांवर डोके घासू लागली आणि तिची विष्ठा पातळ ती पातळच राहिली. जिवाणूंच्या दृष्टीने काहीच सुधारले नव्हते. आधी चोथा नव्हता, आता अन्नही नव्हते.

मग बिस्किटे हळूहळू कमी करत उंबराच्या आणि वडाच्या डहाळ्या पिंजऱ्यात टांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिने पान हुंगले, देठ मोडून त्यातला पांढरा चीक पाहिला, बोट पिंजऱ्याच्या लाकडाला पुसले आणि डहाळी खाली टाकली. आठवडाभर असेच चालले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती डहाळी मांडीवर आडवी धरून दातांनी साल सोलत बसलेली दिसली. सालीची लांब पट्टी निघाली की ती बोटांत गुंडाळून तोंडात सरकवायची आणि पुढची काढायची. एका डहाळीवर तिने पाऊण तास घालवला. पुढे भिजवलेले कुळीथ, पडवळ, शेवग्याचा पाला, उकडलेल्या नाचणीचे घट्ट गोळे अशी भर पडत गेली. आठ महिन्यांत ती सव्वापाच किलोवर आली, आणि विष्ठा घट्ट होऊन तिच्यात पाल्याचे धागे दिसू लागले, ते तर त्याच्या कितीतरी आधी.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयात २००९ पासून हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले. तिथल्या दोन नर गोरिलांची कारखान्यातली बिस्किटे बंद करून त्यांना लेट्यूस, कोवळ्या फांद्या आणि भाज्या देण्यात आल्या. त्यांना आधीपेक्षा जास्त उष्मांक मिळत होते, तरी प्रत्येकाचे वजन सुमारे वर्षभरात जवळपास ३० किलोंनी घटले, आणि दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ ते खाण्यात घालवू लागले. बंदिवासातल्या नर गोरिलांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे प्रमुख कारण असल्याने या बदलाकडे सर्वांचे लक्ष होते.

आईच्या खाण्याचा पिल्लावर परिणाम होतो का?

होतो. जपानी माकडांच्या माद्यांना गरोदरपणात आणि दूध पाजताना चरबीयुक्त आहार दिला, तेव्हा पिल्लांची जिवाणूसृष्टी बदलली, आणि दूध तोडल्यावर साधा आहार देऊनही ती पूर्ववत झाली नाही, केवळ काही अंशी सावरली. हा अभ्यास २०१४ सालचा आहे. उंदरांमध्ये तर बिनचोथ्याच्या आहारामुळे प्रत्येक पिढीगणिक काही जाती कमी होत जातात आणि काही पिढ्यांनंतर चोथा परत दिला तरी हरवलेल्या जाती उगवत नाहीत, असे २०१६ साली दाखवले गेले. जे मूळ बीजच संपले, ते पाण्याने कसे उगवणार? म्हणून बंदिवासातल्या गाभण मादीच्या आहाराकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो.

दही किंवा औषधाच्या दुकानातले प्रोबायोटिक दिले तर?

थोडे ताक दिल्याने अपाय होत नाही, पण दह्यातले जिवाणू पाला पचवणारे नव्हेत आणि ते आतड्यात वस्तीही करून राहत नाहीत. त्यांच्यावर भरवसा ठेवून आहार तसाच ठेवला, तर काही साधत नाही.

एकट्या माकडाला सोबत दिल्याने फरक पडतो का?

माकडे एकमेकांच्या अंगावरून उवा-कोंडा वेचतात, एकत्र झोपतात, एकमेकांच्या तोंडातले ओढून खातात, आणि या जवळिकीतून जिवाणूही फिरतात. केनियातल्या अंबोसेलीच्या बबूनांवरच्या २०१५ सालच्या अभ्यासात असे दिसले की, जे बबून एकमेकांचे अंग अधिक वेचतात त्यांच्या आतड्यांतले जिवाणूही अधिक सारखे असतात. एकट्या माकडाचा सहवास फक्त माणसाशी असतो, मग ते जिवाणू आणणार कुठून? जप्त करून आणलेल्या माकडाचे विलगीकरण आणि तपासण्या पूर्ण झाल्या की त्याला निरोगी सोबत्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवावे, हे मी आहाराइतकेच आवश्यक मानतो.

प्रतिजैविके द्यावीत का?

गरज असेल तेव्हा जरूर द्यावीत, परंतु पातळ शी दिसली की लगेच सुरू करू नयेत. उरलेसुरले चोथा पचवणारे जिवाणूही त्यांत मरतात.

घाटात रस्त्यावर बसलेली माकडे पिंजऱ्यात नाहीत. त्यांना काय होणार?

आंबोली किंवा कुंभार्ली घाटात गाडी थांबली की काचेजवळ येऊन बसणाऱ्या केलड्यांना वेफर्स, पाव आणि कणसे मिळतात. त्यांना हिंडायला रान मोकळे असते, पण रस्ता सोडावासा वाटत नाही. थायलंडमधल्या बँकॉकमध्ये २०१७ साली पर्यटकांच्या खाऊवर वाढलेले एक मोकळे माकड पकडले गेले, तेव्हा त्याचे वजन सुमारे १५ किलो होते आणि पोटातली चरबी जमिनीला टेकत होती. गाडीतून खाऊ फेकू नये, ही विनंती मी हात जोडून करतो. अशी माकडे गाड्यांखाली येतात, आणि रस्त्यावर खाऊची सवय लागलेलेच माकड पुढे गावात शिरून बागायतदाराच्या काजू-आंब्यावर उतरते आणि पकडले जाते.

इथे एक आरोग्याची सूचनाही आवश्यक आहे. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची, म्हणजे गोचिडांमुळे माकडांना आणि माणसांना होणाऱ्या विषाणूजन्य तापाची, साथ आली होती. रानात माकड मेलेले दिसले, तर त्याला हात न लावता वनविभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

आईविना सापडलेले पिल्लू घरी वाढवले तर चालेल का?

चालणार नाही. केलडे आणि वानर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि माकडांचे खेळ करण्यावरही १९९८ पासून बंदी आहे. पिल्लू ताबडतोब वनविभागाकडे द्यावे. घरात वाढलेले पिल्लू माणसांच्या अन्नावर आणि माणसांच्याच जिवाणूंवर वाढते, वर्षा-दोन वर्षांत चावू लागते, आणि मग साखळीला बांधले जाते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लठ्ठ माकडांची गोष्ट अशीच सुरू झालेली असते.

या संशोधनातून माणसांना काही समजते का?

डूक लंगुरांचा अभ्यास करणाऱ्या गटानेच थायलंडहून अमेरिकेत स्थलांतर केलेल्या हमोंग आणि कारेन लोकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या आतड्यांतली जिवाणूंची विविधता काही महिन्यांतच घटू लागली, चोथा पचवण्याची क्षमता कमी झाली, आणि ज्यांची विविधता अधिक घटली त्यांच्यात लठ्ठपणाही अधिक आढळला. गावची पेज, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी सोडून शहरात गेलेल्या आपल्या चाकरमान्यांची आठवण मला हा अभ्यास वाचताना सारखी येत होती.

पावसाळ्यात पाला कसा साठवावा आणि आहार बदलायला किती दिवस द्यावेत?

आहार एका दिवसात बदलू नये. आतड्यातले जिवाणू नव्या अन्नाला सरावण्यासाठी चार ते सहा आठवडे धरावेत, दर आठवड्याला जुने अन्न थोडे कमी करावे, आणि विष्ठा पातळ झाली तर त्याच पायरीवर थांबावे. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, शक्यतो सकाळी खाण्यापूर्वी करावे.

पावसाळ्यात ओला पाला ढिगात ठेवला की एका रात्रीत तापतो आणि त्याला बुरशी धरते. म्हणून डहाळ्यांच्या सैल जुड्या बांधून त्या पडवीत वळचणीखाली, वारा लागेल अशा टांगाव्यात आणि त्याच दिवशी वापराव्यात. रस्त्याकडेचा आणि फवारणी झालेल्या बागेतला पाला घेऊ नये. कण्हेरीची एक फांदीही जुडीत येणार नाही याची खात्री करावी, कारण तिचा पाला विषारी असतो. सततच्या पावसात बाहेर जाणे जमले नाही, तर परसातला शेवगा आणि कुंपणाची जास्वंद दोन-तीन दिवस सहज पुरतात.